वाचकांचे प्रश्न : जॉस स्टोनची पहिली तालीम

प्रश्न : इंग्लिश गायिका जॉस स्टोनचा पहिला अल्बम नुकताच ऐकला. आवाज थक्क करणारा आहे, परंतु गाणी सगळी दुसऱ्यांचीच. कोवळ्या वयाच्या मुलीला जुनी गाणी गायला लावून तिचे स्वतःचे गाणे दडपले गेले, असे वाटत नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, तरीही मला उलटेच वाटते. एप्रिल १९८७ मध्ये डोव्हर येथे जन्मलेली आणि डेव्हनमधील एका खेड्यात वाढलेली ही मुलगी बीबीसीच्या गायनस्पर्धेतून पुढे आली. तिचा आवाज एस-कर्व्ह या अमेरिकी कंपनीचे प्रमुख स्टीव्ह ग्रीनबर्ग यांच्या कानी पडला आणि त्यांनी तिला करारबद्ध केले. २००३ च्या सप्टेंबरात 'द सोल सेशन्स' प्रसिद्ध झाला तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

ग्रीनबर्ग यांनी केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यांनी तिला मायामीच्या गायिका बेटी राइट यांच्या हाती सोपवले. 'क्लीन अप वुमन' हे राइट यांचे गाजलेले गाणे १९७१ चे, म्हणजे तेव्हा त्या स्वतःही किशोरवयातच होत्या. कोवळ्या गळ्याला किती ताण द्यायचा आणि कुठे आवरायचे, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्याबरोबर गिटारवर 'लिटल बीव्हर' या नावाने ओळखले जाणारे विली हेल होते आणि कीबोर्डवर लॅटिमोर व टिमी थॉमस होते. सत्तरच्या दशकात मायामीचा सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांची भावनेने ओथंबलेली गायनशैली) ज्यांनी घडवला, त्यांच्याच साथीने गायला मिळणे ही आपल्याकडच्या बुजुर्गांसमोर बसून घेतलेल्या तालमीइतकीच मोलाची गोष्ट मी मानतो.

अल्बमचे पहिलेच गाणे, 'द चोकिंग काइंड', लक्ष देऊन ऐका. हार्लन हॉवर्ड यांची ही रचना मुळात कंट्री संगीतातली. १९६९ मध्ये जो सायमन यांनी ती सोलमध्ये आणली आणि जॉसने तिथूनच उचलली. वाद्ये तिच्यासाठी मोकळी जागा सोडतात आणि ती शब्द किंचित मागे रेंगाळत ठेवून, घाई न करता, एकेक जागा घेते. 'फेल इन लव्ह विथ अ बॉय' तर याहूनही धीट आहे : व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकी रॉक जोडीचे मूळ गाणे २००१ चे, दोन मिनिटांच्या आत संपणारे, धडधडते रॉक. त्यातल्या मुलीच्या जागी मुलगा आणून आणि लय निम्म्यावर आणून त्याचे सोल गाणे केले आहे. म्हणजे सगळीच गाणी जुनी होती असेही नाही. दुसऱ्याचे गाणे इतके आपलेसे करणे हे मला दडपल्याचे लक्षण वाटत नाही.

शिवाय पुढच्याच वर्षी आलेल्या 'माइंड बॉडी अँड सोल'मधील बहुतेक गाण्यांच्या रचनेत तिचा स्वतःचा वाटा आहे. हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि बेटी राइट त्यातही तिच्यासोबत होत्या.