वाचक विचारतात : ग्रेन-फ्री खाणं आणि कुत्र्याचं हार्ट

प्रश्न : डॉक्टर, आमचा गोल्डन रिट्रीव्हर चार वर्षांचा आहे, नाव बडी. अंगाला सारखी खाज म्हणून दीड वर्षापूर्वी मी त्याला ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेलं किबल (कोरडं दाणेदार खाणं) सुरू केलं, केस पण मस्त झालेत. आता बहीण म्हणते की ग्रेन-फ्रीने कुत्र्यांचं हार्ट मोठं होतं आणि ती जातात. बडी तसा ठणठणीत आहे, खेळतो, पळतो. मी दीड वर्ष त्याला विष घालतेय का? रात्री झोप लागत नाहीये.

उत्तर : नाही हो, विष वगैरे काही नाही, आधी शांत व्हा. पण बहिणीचं अगदीच चुकीचंय असंही नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ज्या आजाराबद्दल ती बोलतेय त्याचं नाव डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, आम्ही नुसतं डीसीएम म्हणतो. हार्टचा स्नायू पातळ आणि सैल पडतो, आतले कप्पे फुगतात, आणि मग ते रक्त नीट ढकलूच शकत नाही, सैल झालेल्या इलॅस्टिकसारखं समजा. डॉबरमन, ग्रेट डेन, आयरिश वुल्फहाउंड यांच्यात हे बऱ्यापैकी रक्तातच असतं. गोंधळ झाला तो यामुळे की ज्या जातींमध्ये हे सहसा दिसत नाही अशा कुत्र्यांमध्येही डॉक्टरांना ते दिसायला लागलं आणि खाण्याची चौकशी केली की बऱ्याचदा एकाच प्रकारची पिशवी निघायची.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, जुलै 2018 मध्ये हे जाहीर केलं आणि चौकशी सुरू केली. जानेवारी 2014 ते एप्रिल 2019 पर्यंत त्यांच्याकडे 515 कुत्र्यांचे रिपोर्ट आले होते. त्यात जी फूड्स होती त्यातली 90 टक्क्यांहून जास्त ग्रेन-फ्री, आणि 93 टक्क्यांमध्ये वाटाणा किंवा मसूर किंवा दोन्ही. नोव्हेंबर 2022 पर्यंत कुत्र्यांचे रिपोर्ट 1,382 वर गेले. पण हे रिपोर्ट लोकांनी आणि डॉक्टरांनी स्वतःहून कळवलेले आहेत आणि बातमी आली की कळवणारेही वाढतातच, त्यामुळे एफडीएनेच सांगितलं की नुसत्या या आकड्यांवरून कारण सिद्ध होत नाही. म्हणजे संशय पक्का, पुरावा अर्धवट. आज शास्त्र इथे उभं आहे, आणि छातीठोकपणे 'ग्रेन-फ्री खुनी आहे' किंवा 'सगळी अफवा आहे' असं सांगणाऱ्या दोघांपासूनही मी चार हात लांब राहतो.

आता माझं मत ऐका. धान्य नाही हा मुद्दाच नाही, धान्याच्या जागी काय भरलंय हा मुद्दा आहे. पिशवीच्या पुढच्या बाजूवर धावणारा लांडगा आणि मांसाचा लालभडक तुकडा असतो, ते बघू नका, मागचं बारीक अक्षर वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि वजन कच्च्या मालाचं धरतात, म्हणून पहिल्या नंबरवर 'चिकन' दिसलं तरी त्यात सत्तर टक्के तर पाणीच असतं. त्याच्या खाली बघा : वाटाणा, मग वाटाण्याचं प्रोटीन, मग वाटाण्याचा स्टार्च, मग वाटाण्याचं फायबर. एकच वाटाणा चार तुकडे करून लिहिला की तो खाली खाली जातो, सगळे मिळून मोजले तर कदाचित चिकनच्याही वर बसेल! यादीच्या पहिल्या पाच-सहा नावांत वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा यांची अशी गर्दी दिसली तर मी ती पिशवी परत ठेवून देईन. सतराव्या नंबरवर थोडासा वाटाणा असला तर काही बिघडत नाही.

हे नेमकं का होतं? पहिला संशय टॉरिनवर गेला, म्हणजे हार्टच्या स्नायूला लागणाऱ्या एका अमिनो आम्लावर. मांजराला टॉरिन खाण्यातूनच मिळावं लागतं आणि ते कमी पडून मांजरांना डीसीएम होतो हे 1987 मध्येच कळलं होतं. कुत्रा मात्र मेथिओनिन आणि सिस्टीन या खाण्यातल्या दोन अमिनो आम्लांपासून टॉरिन स्वतः बनवतो, त्यामुळे वाटायचं की त्याला काळजी नाही. पण पित्तासाठी कुत्र्याला टॉरिनच लागतं आणि खाण्यात विशिष्ट फायबर जास्त असलं की ते शीवाटे वाहून जातं, असा एक हिशोब आहे. गोल्डनमध्ये टॉरिन कमी निघायचं प्रमाण जास्त आहे म्हणून तुमच्या बडीबद्दल मी जरा जास्तच सावध असेन. गंमत अशी की आजारी पडलेल्या बऱ्याच कुत्र्यांचं टॉरिन नॉर्मलच होतं, म्हणजे गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

आता काय करायचं. खाणं बदला, पण आठ-दहा दिवसांत हळूहळू, जुन्यात नवं मिसळत, नाहीतर जुलाब सुरू होतील आणि तुम्ही परत मलाच लिहाल. दीड वर्ष हे खाणं झालंय आणि जात गोल्डन, म्हणून एकदा इको (हार्टची सोनोग्राफी) करून घ्या आणि रक्तातलं टॉरिनही तपासा. नुसता स्टेथोस्कोप पुरेसा नाही, सुरुवातीचा डीसीएम कानाला ऐकू येईलच असं नाही. दरम्यान घरी एक करा : बडी गाढ झोपला की छाती वर-खाली होते ती तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. तीसच्या खाली असलं की ठीक. स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हा मोजू नका, उगीच घाबराल. आकडा सतत तीसच्या वर जात असेल, खोकला, लवकर दमणं, पोट फुगणं किंवा चक्कर येऊन पडणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. खाण्यामुळे झालेला डीसीएम असेल तर खाणं बदलल्यावर आणि औषधं दिल्यावर काही महिन्यांत हार्ट बऱ्याचदा सुधारतं, ही बातमी खरंच चांगली आहे.

आणि खाजेबद्दल : कुत्र्यांना खाण्याची ॲलर्जी असलीच तर ती बऱ्याचदा बीफ, दूध, चिकन यांची निघते, गहू त्यांच्या मागे. केस सुधारले ते धान्य काढल्यामुळेच असं धरून चालू नका.

प्रश्न : मग सरळ टॉरिनची गोळी चालू केली तर? खाणं बदलायची कटकट नको, माझी कुत्री फार नखरेल आहे.

उत्तर : गोळीने फारसं नुकसान होणार नाही, पण आपण काहीतरी केलं असं वाटून तुम्ही निवांत व्हाल आणि तेच खाणं पुढे चालू राहील, ते मला नकोय. गोळी रक्त तपासून झाल्यावर, डॉक्टरने डोस सांगितल्यावर. आधी सुरू केली तर रिपोर्ट काय सांगणार, गोळीचंच टॉरिन दिसणार त्यात. आणि घरी मांस उकडून घालत असाल तर ते पाणी ओतून देऊ नका, टॉरिन पाण्यात उतरतं.

प्रश्न : आमचं दहा वर्षांचं छोटं कुत्रं, डॉक्टर म्हणाले मर्मर आहे, म्हणजे हार्टच्या ठोक्यात जास्तीचा आवाज येतोय. आम्ही तर कधीच ग्रेन-फ्री दिलं नाही!

उत्तर : तुमचा दोष नाही. छोट्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत बहुतेक वेळा हार्टमधली मायट्रल नावाची झडप (व्हॉल्व्ह) जाड होऊन गळते, हा वयाचा आणि जातीचा मामला आहे, डीसीएम वेगळा. इको करून स्टेज समजून घ्या. मीठ एकदम बंद करायची घाई नको, फक्त चीजमध्ये गोळी लपवून देता ना, ते बंद करा, त्यात मीठ भरपूर असतं. उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनमध्ये लपवा.