उंदीर सुरुंगावर चढला तर फुटत नाही का?

प्रश्न: व्हॉट्सॲपवर फोटो आलाय, गळ्यात मेडल घातलेला उंदीर, म्हणे कंबोडियात जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचा. खरंय का हे? आणि सुरुंगावर चढला तर फुटत नाही का? आमच्या मोरीत दोन घुशी आहेत, त्यांना शिकवता येईल का बघा, तसंही फुकटच खातायत.
— एक वाचक, सांगली

उत्तर: यावेळी फॉरवर्ड खरा निघाला! त्याचं नाव मगावा, जन्म टांझानियातला. सप्टेंबर २०२० मधे ब्रिटनच्या पीडीएसए या प्राण्यांच्या संस्थेने त्याला गोल्ड मेडल दिलं. २०२१ मधे निवृत्त होईपर्यंत त्याने ७१ सुरुंग न् फुटायचे राहिलेले ३८ स्फोटक नग शोधले. जानेवारी २०२२ मधे गेला बिचारा, म्हातारा होऊन.

ही जात आफ्रिकेतली, गालात दाणे भरून ठेवायला पिशव्या असलेली, शेपटीसकट मांजराएवढी लांब पण वजन जेमतेम किलो-सव्वा किलो. माणसाच्या पायाखाली फुटणाऱ्या सुरुंगाला साधारण त्याच्या कितीतरी पट दाब लागतो, म्हणून हा वरून आरामात फिरतो.

शिकवतात टांझानियात, मोरोगोरोच्या कृषी विद्यापीठात, अपोपो नावाची संस्था. पिल्लू लहान असतानाच माणसांची सवय लावायची, मग एक टिक्-टिक् वाजणारी डबी, टिक् झालं की केळं नाहीतर शेंगदाणा मिळणार हे डोक्यात बसवायचं, आणि मग टीएनटी या स्फोटकाचा वास ओळखला तरच टिक्. बाकी कशाला खाऊ नाही. असे नऊएक महिने जातात, शेवटी परीक्षा, त्यात एक सुरुंग जरी सुटला तरी नापास! (आपल्याकडे ३५ ला पास करतात, असो.)

कामावर दोन माणसं साफ झालेल्या पट्ट्यांवर समोरासमोर उभी राहतात, मधे दोरी, दोरीला पट्ट्याने बांधलेला उंदीर, तो हुंगत इकडून तिकडे जातो आणि वास आला की तिथली माती खरवडतो. काम भल्या पहाटे, कारण ऊन सोसत नाही, कानाला न् शेपटीला सनस्क्रीन लावतात म्हणे, आमच्या घरी पोरं लावून घेत नाहीत. खरी गंमत इथे आहे, मेटल डिटेक्टर प्रत्येक गंजक्या खिळ्याला, डब्याच्या झाकणाला कोकलतो आणि दरवेळी थांबून जपून उकरावं लागतं, उंदराला लोखंडाशी काही देणंघेणंच नाही. म्हणून टेनिस कोर्टाएवढी जागा तो अर्ध्या तासात हुंगून काढतो, मशिन घेतलेल्या माणसाला चार दिवससुद्धा लागतात. सुरुंग बाहेर काढून निकामी करायचं काम मात्र माणसाचंच. मगावानंतर रोनिन नावाच्या अशाच उंदराने १०९ सुरुंग शोधून २०२५ मधे गिनीज रेकॉर्ड केलं.

आता तुमच्या घुशी. आफ्रिकेतले हे आठ-आठ वर्षं जगतात म्हणून एवढी मेहनत परवडते, घूस तेवढी जगत नाही आणि हात लावायला गेलात तर केस फुलवून गुरगुरते. मोरीच्या जाळीवर दगड ठेवा.