डिस्कवर्ल्ड : कुठून सुरू करू?

प्रश्न : टेरी प्रॅचेट यांची ‘डिस्कवर्ल्ड’ ही विनोदी, अद्भुतरम्य कादंबऱ्यांची इंग्रजी मालिका वाचायची आहे. पहिलं पुस्तक, ‘द कलर ऑफ मॅजिक’, दोनदा हाती घेतलं आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर सुटलं. ४१ कादंबऱ्या आहेत म्हणे. सगळ्या क्रमानेच वाचायच्या का?

उत्तर : मुळीच नाही. पहिलं पुस्तक सुटलं यात तुमचा दोष नाही. १९८३चं हे पुस्तक तलवारी-जादूटोण्याच्या इंग्रजी साहसकथांची टर उडवतं. त्या कथा वाचलेल्या नसतील, तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. शिवाय गोष्ट ऐन मोक्यावर तुटते आणि ‘द लाइट फँटास्टिक’मध्ये पुरी होते.

तुम्ही आठव्या पुस्तकापासून सुरू करा : ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९). आंख-मॉरपॉर्क शहराचे रात्रीचे पहारेकरी, त्यांचा दारूत बुडालेला कॅप्टन व्हाइम्स, आणि बुटक्यांच्या घरात वाढलेला धिप्पाड कॅरट. कॅरट शहरात नवखा आहे. त्याला जे समजावून सांगावं लागतं, ते आपल्यालाही आपसूक कळत जातं. म्हणूनच हे दार सोपं.

पहाऱ्याची एकूण आठ पुस्तकं आहेत आणि ती मात्र क्रमानेच वाचावीत : पुढे ‘मेन ॲट आर्म्स’, ‘फीट ऑफ क्ले’, ‘जिंगो’, ‘द फिफ्थ एलिफंट’, मग ‘नाइट वॉच’. ‘नाइट वॉच’ची वाहवा ऐकून पुष्कळ जण तेच आधी उघडतात. तसं करू नका. त्यात व्हाइम्स आपल्याच शहरात तीस वर्षं मागे जाऊन पडतो. त्याने काय काय कमावलं हे आधीच्या पाच पुस्तकांत पाहिलेलं असेल, तरच ते गमावण्याची भीती आपल्याला भिडते.

एकच सुटं पुस्तक हवं असेल तर ‘स्मॉल गॉड्स’. छोटं हवं असेल तर ‘मॉर्ट’. त्यात मृत्यू एका पोराला उमेदवारीवर ठेवून घेतो. हा मृत्यू अवतरणचिन्हांशिवाय, सगळा कॅपिटल अक्षरांत बोलतो. देवनागरीत अशी सोयच नाही, त्यामुळे ही गंमत मुळातूनच घ्यावी. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर ‘द वी फ्री मेन’ मोठ्याने वाचा. त्यातल्या निळ्या चिमुकल्यांची स्कॉटिश बोली नुसत्या डोळ्यांनी अडते, कानाने उलगडते.

बहुतेक पुस्तकांत प्रकरणं नाहीत. थांबायचं असेल तेव्हा दोन परिच्छेदांमधली मोकळी जागा बघून खूण ठेवा. तळटिपा मात्र गाळू नका. कितीतरी उत्तम विनोद तिथेच आहेत. ई-बुकमध्ये त्या बऱ्याचदा शेवटी जातात, तेव्हा तळटिपेची खूण (*) दिसताच तिथल्या तिथे उघडा.