दुल्से दे लेचे कुठल्या हेडिंगखाली? बरणीवरचं नाव सोडा, घटक वाचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात बेकरी आहे, अर्जेंटिनाहून दुल्से दे लेचेच्या (दूध आणि साखर तांबूस होईपर्यंत आटवून केलेल्या दाट गोड पदार्थाच्या) बरण्या मागवायच्या आहेत. पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवर कस्टम्स टॅरिफचा कोड, म्हणजे हेडिंग, १९०१ ९० आहे. तुमचा सीएचए (कस्टम्समधून माल सोडवणारा एजंट) म्हणतो लेबलवर 'डेअरी स्प्रेड' छापलंय, म्हणजे ०४०५ २०. आणि ओळखीतल्या एकाच्या मते हे सरळ कंडेन्स्ड मिल्क, म्हणून ०४०२ ९९. मी बरीच वर्षं न्हावा शेव्याला क्लिअरिंगमध्ये घालवली, आता सांगलीत बेदाणेवाल्यांची निर्यातीची कागदपत्रं बघतो. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

०४०५ २० आधी बाद करा. कस्टम्सच्या भाषेतलं डेअरी स्प्रेड म्हणजे पोळीला फासता येईल असं काहीही नव्हे. टॅरिफच्या चॅप्टर ४ च्या टिपेत त्याची व्याख्या आहे: तेलात पाणी मिसळलेलं इमल्शन, स्निग्धांश फक्त दुधाचा, आणि तो वजनाच्या ३९ टक्के किंवा जास्त पण ८० टक्क्यांच्या आत. म्हणजे लोण्याचं धाकटं भावंड. मर्कोसुर (अर्जेंटिना, ब्राझील वगैरेंचा व्यापारगट) देशांच्या मानकाप्रमाणे साध्या दुल्से दे लेचेत स्निग्धांश ६ ते ९ टक्के असतो. मेळच बसत नाही. मी नवखा असताना हीच चूक केली होती. इन्व्हॉइसवरचे दोन शब्द बघून हेडिंग टाकलं, क्वेरी आली, नमुना प्रयोगशाळेत गेला आणि कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर यार्डात) अकरा दिवस पडून राहिला. तपासणी अधिकाऱ्याने बरणी उलटी धरली, माल जागचा हलला नाही. तो हसून म्हणाला, "यात लोणी कुठंय?" डिटेन्शनचं (कंटेनर अडकल्याच्या भाड्याचं) बिल पार्टीने माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, ते आजही आठवतं.

आता खरी लढाई ०४०२ आणि १९०१ ची. ०४०२ म्हणजे आटवलेलं किंवा साखर घातलेलं दूध. १९०१ मध्ये ०४०१ ते ०४०४ मधल्या मालापासून केलेले खाद्यपदार्थ येतात. दोघांमधली रेघ एक्सप्लेनेटरी नोट्समध्ये (या कोडांच्या अधिकृत स्पष्टीकरणात) ओढली आहे: दुधाच्या नैसर्गिक घटकांखेरीज, आधीच्या हेडिंगांना न चालणारं काही घातलं असेल तर माल १९०१ कडे जातो. साखर ०४०२ ला चालते, ते हेडिंगमध्येच लिहिलंय. दूध फाटू नये म्हणून घातलेला खाण्याचा सोडाही थोडा चालतो, प्रक्रियेपुरता. स्टार्च वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत. पण व्हॅनिला वगैरे स्वाद घातला, किंवा दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल आलं, तर चॅप्टर ४ सुटला. बेकरीसाठीचा जो दाट 'रेपोस्टेरो' प्रकार मिळतो त्यात घट्ट करणारे पदार्थ असतात. तो घेणार असाल तर त्याचं प्रमाण मागून घ्या. कोकोवाला प्रकार असेल तर वेगळं गणित: चरबी वगळून मोजलेला कोको ५ टक्क्यांच्या आत असेल तर १९०१, नाहीतर १८०६.

राहिला साधा प्रकार, दूध, साखर, सोडा, बस. तिथे दोन्ही बाजूंनी भांडता येतं. माझा कल १९०१ ९० कडे आहे, आणि तुम्ही सातारच्या असल्यामुळे तुम्हाला ते लगेच पटेल. बासुंदी आटवलेलं दूधच. पण खवा कढईत तांबूस होईपर्यंत परतून केलेला कंदी पेढा कोणी बासुंदी म्हणून विकेल का? त्या भाजल्या चवीसाठीच लोक पैसे देतात. मर्कोसुरच्या टॅरिफमध्ये दुल्से दे लेचेला १९०१ ९० २० असा स्वतंत्र कोड आहे. पहिले सहा अंक जगभर सारखे, त्यामुळे हा पुरावा वजनदार आहे. मात्र आपल्या कस्टम्सवर तो बंधनकारक नाही, आणि समोरचा म्हणू शकतो की हेडिंगमध्ये रंगाचा उल्लेखच नाही.

म्हणून माल नियमित आणायचा असेल तर मुंबईच्या कस्टम्स ॲडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करा. निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो, तीन वर्षं चालतो (मध्येच कायदा बदलला नाही तर) आणि तुमच्या बाबतीत अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतो. हे टाळून 'सीएचएने टाकलं' म्हणाल तर उपयोग नाही. २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे, जबाबदारी आयातदाराची. कमी ड्युटीची नोटीस दोन वर्षांपर्यंत येते, माहिती दडवली असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत, वर १५ टक्के व्याज.

ड्युटीचे दर बदलतात, ते बिल ऑफ एन्ट्रीच्या (कस्टम्सकडे भरायच्या आयात-कागदाच्या) दिवशीच बघा. हिशोबाची पद्धत मात्र तीच: समजा मूळ ड्युटी ३० टक्के, तर १०० रुपयांच्या मालावर ३०, त्या ३० वर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज म्हणजे ३, आणि आयजीएसटी १३३ वर.

हेडिंगपेक्षा जास्त लोक शेल्फ लाइफमध्ये अडकतात. क्लिअरन्सच्या वेळी एकूण मुदतीच्या ६० टक्के किंवा तीन महिने, यातलं जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक हवी. बुएनोस आयरेसहून जहाज हळूहळू येतं, तेव्हा ताज्या बॅचचाच माल मागा. दुधाचा पदार्थ म्हणून पशुसंवर्धन विभागाची कोणती परवानगी आणि आरोग्य प्रमाणपत्र लागेल, हे ऑर्डर देण्याआधी विचारून ठेवा.

आज पुरवठादाराला एकच मेल करा: घटकांचे टक्के, आटवण्याच्या प्रक्रियेचा तक्ता आणि लेबलचा फोटो पाठवा म्हणावं. त्यात स्वाद किंवा वनस्पती तेल दिसलं तर इथे लिहा, मग ०४०२ चा विचार करायचं कारण उरत नाही.