जुन्या वाटा, जुनी पुस्तकं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं मुंबई इलाखा आणि सह्याद्रीच्या जुन्या प्रवास-मार्गदर्शिकांबद्दल आहेत.

प्रश्न : महाबळेश्वर-पाचगणीची एक छोटी मराठी पुस्तिका रद्दीत मिळाली. पहिली चार पानं गेली आहेत, त्यामुळे साल कळत नाही. कव्हरवर किंमत आठ आणे आहे. आत प्रतापगडावरच्या अश्वारूढ पुतळ्याचा फोटो आहे आणि अंतरं मैलांत दिली आहेत. ही स्वातंत्र्यापूर्वीची असेल का? – एक वाचक, वाई

नाही. प्रतापगडावरच्या पुतळ्याचं अनावरण नोव्हेंबर १९५७ मध्ये झालं, त्यामुळे पुस्तिका त्याआधीची असू शकत नाही. आण्यांतली किंमत पाहून गोंधळू नका. नये पैसे एप्रिल १९५७ मध्ये आले, तरी बाजारात पुढची काही वर्षं हिशेब आण्यांतच चालत होता. शिवाय अशा पुस्तिकांची कव्हरं एकदाच भरपूर छापून ठेवत आणि आतला मजकूर बदलला तरी जुनीच लावत. कव्हर आणि आतली पानं उजेडात शेजारी धरून पाहा. शाईचा काळेपणा किंवा टाइपाचं वळण वेगळं दिसलं, तर कव्हर जुन्या साठ्यातलं आहे असं समजा.

आता दुसरी बाजू. मजकुरात ‘मुंबई राज्य’ आहे की ‘महाराष्ट्र राज्य’, ते शोधा. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचा मजकूर. तसं असेल तर तुमची पुस्तिका बहुधा १९५७ अखेर ते १९६० च्या सुरुवातीपर्यंतच्या अडीच वर्षांत येऊन बसते. साल नसलेल्या पुस्तिकेसाठी एवढं पुरेसं आहे.

एक नियम मात्र पक्का ठेवा. पुस्तकात उल्लेख असलेली सगळ्यात नवी गोष्ट धरायची, पुस्तक तिच्या आधीचं नसतं. उलट्या बाजूने हा तर्क चालत नाही. एखाद्या गोष्टीचा उल्लेख नाही म्हणून पुस्तक तिच्या आधीचं ठरत नाही, कारण मार्गदर्शिकांचे संपादक जुना मजकूर वर्षानुवर्षं तसाच पुढे ढकलत. आम्ही आधी शेवटची जाहिरातींची पानं उघडतो. हॉटेल, मोटार कंपनी, कॅमेरा फिल्म यांच्या जाहिराती दर आवृत्तीला पैसे घेऊन नव्याने लावलेल्या असतात, त्यामुळे त्या शिळ्या राहत नाहीत.

मुंबई-पुण्याच्या पुस्तकांसाठी या खुणा पाठ असलेल्या बऱ्या : राजाबाई टॉवर १८७८, बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव १८८७, ताजमहाल हॉटेल १९०३, विजेची ट्राम आणि माथेरानची छोटी गाडी दोन्ही १९०७, गेटवे ऑफ इंडिया १९२४, दख्खनची राणी १९३०, एसटीची पहिली गाडी १९४८. महाबळेश्वरच्या पुस्तकात आंबेनळी घाटाला ‘फिट्झजेराल्ड घाट’ म्हटलं असेल, तर ते नाव १८६७ ते १८७२ या काळातल्या गव्हर्नरचं आहे. पुस्तक त्याच्या कारकिर्दीच्या आधी जाऊच शकत नाही. ‘नये पैसे’ मधला ‘नये’ १९६४ मध्ये गळला. पत्त्यात पिनकोड दिसला तर १९७२ नंतरचं. कुलाबा जिल्ह्याऐवजी रायगड आला की आपण १९८० च्या दशकात पोहोचलो.

प्रश्न : लंडनच्या जॉन मरे प्रकाशनाच्या मुंबई इलाख्याच्या हँडबुकची १८८१ ची प्रत ऑनलाइन फारच स्वस्त दिसते आहे. फोटोत टायटलचं पान अगदी जुनं आहे. घ्यावी का? – डोंबिवली

टायटलच्या पानावरून काही ठरत नाही, कारण पुनर्मुद्रणात तेच पान जसंच्या तसं छापतात. विक्रेत्याकडून चार फोटो मागवा : कणा, शेवटचं पान, पुस्तक मिटून वरून दिसणारी बांधणी, आणि पूर्ण उघडलेला एक नकाशा. मागणीनुसार छापलेल्या प्रतीत शेवटच्या पानावर बहुधा बारकोड असतो, बांधणी शिवलेली नसून गोंदाने चिकटवलेली असते, आणि नकाशा एकतर नसतो किंवा स्कॅन करणाऱ्याने घडी न उघडल्यामुळे अर्धाच छापलेला असतो. मूळ प्रत मरेच्या नेहमीच्या लाल कापडी बांधणीतली असते. प्रत हातात आली तर पान तिरप्या उजेडात धरा. शिशाच्या टाइपाने छापलेल्या पानावर अक्षरांचा किंचित दाब उमटतो, बोट फिरवलं की मागच्या बाजूलाही जाणवतो. पुनर्मुद्रणाचं पान गुळगुळीत लागतं. सगळ्यात गमतीची खूण डागांची. जुन्या पानावरचा तपकिरी ठिपका कागदात मुरलेला असतो आणि पानाच्या दोन्ही बाजूंना थोडाफार दिसतो. पुनर्मुद्रणात तो ठिपकाही काळ्या शाईत छापलेला असतो.

प्रत मूळ असली तरी पैसे देण्याआधी नकाशे मोजा. अनुक्रमणिकेजवळ नकाशांची यादी असते, तिच्याशी एकेक ताडून पाहा. घडीचे नकाशे काढून फ्रेमसाठी वेगळे विकण्याचा धंदा जुना आहे. बांधणीच्या खोबणीत कापलेल्या कागदाची अर्धा सेंटिमीटर पट्टी दिसली, की तिथला नकाशा गेला म्हणून समजा. नकाशे नसलेली प्रत आम्ही घेत नाही. अपवाद एकच, १८५९ ची पहिली आवृत्ती, कारण ती समोर येणंच अवघड.

प्रश्न : नुकती सुरुवात करतोय. कोणत्या पुस्तकांपासून करावी? – सातारा

भारतभराच्या मार्गदर्शिका गोळा करायच्या फंदात पडू नका. एक वाट निवडा आणि तिच्यावरची वेगवेगळ्या काळातली पुस्तकं जमवा. तुमच्यासाठी मुंबई-पुणे-महाबळेश्वर. १८५८ ते १८६३ या काळात आगगाडी खोपोलीपर्यंत येई, बोरघाट पालखीने किंवा घोड्यावर चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचं. घाटात रूळ पडल्यावर हा टप्पा संपला, पण पुण्यापुढचे पाऊणशे मैल टांग्याचेच राहिले. पुढे दक्षिणेची रेल्वे झाली आणि वाठार स्टेशनवर उतरून टांगा करू लागले. मग मोटारी आल्या, मग एसटी. त्याच वाटेवरची चार-पाच पुस्तकं शेजारी ठेवली की हा बदल पानापानांत दिसतो.

मरेचं हँडबुक १८९० च्या दशकापासून सबंध हिंदुस्थानचं एकच झालं आणि शेवटची, बाविसावी आवृत्ती १९७५ ची आहे. विसाव्या शतकातल्या आवृत्त्या तुलनेने सहज मिळतात, त्यांच्यातली एक आधी घ्या. सोबत इतिहासकार द. ब. पारसनीसांचं महाबळेश्वरावरचं १९१६ चं इंग्रजी पुस्तक. संदर्भासाठी सातारा जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर हवंच, पण ते मूळ प्रतीत घेण्याचा हट्ट नको. सरकारी पुनर्मुद्रण चांगलं आहे आणि मजकूर ऑनलाइन फुकट वाचता येतो. बेडेकर या जर्मन प्रकाशकाच्या १९१४ च्या ‘इंडियन’ (Indien, म्हणजे हिंदुस्थान) या जर्मन मार्गदर्शिकेच्या मागे तूर्त लागू नका. दुर्मीळ आहे, महाग आहे आणि तुमच्या वाटेसाठी अनावश्यक आहे.

कुठे शोधायचं? मुंबईत हुतात्मा चौकातले फुटपाथवरचे विक्रेते, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. पण स्थानिक पुस्तिका खऱ्या मिळतात त्या तालुक्याच्या गावच्या रद्दीवाल्याकडे. त्याला ‘जुनी पुस्तकं’ म्हणून विचारलंत तर तो शाळेची क्रमिक काढून देईल. ‘यात्रेची, देवस्थानाची, गावाच्या माहितीची पातळ पुस्तकं’ असं विचारा.

प्रश्न : पावसाळ्यात पुस्तकांना कुबट वास आणि कसर लागली. डांबरगोळ्या ठेवल्या, उपयोग नाही. एका घडीच्या नकाशाला सेलोटेप लावली होती, तीही पिवळी पडली. – रत्नागिरी

डांबरगोळ्या काढून टाका. कपाटात येता-जाता उघडझाप होते तिथे त्यांनी कसर मरत नाही, वास मात्र कागदात मुरतो, आणि ती वाफ माणसालाही चांगली नाही.

आधी पुस्तकं सुकवा. उन्हात नाही, त्याने पुठ्ठे वाकतात आणि पानं पिवळी पडतात. सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं अर्धवट उघडून दोन दिवस. बुरशी वाळून भुकटीसारखी झाली की गच्चीवर मास्क लावून मऊ ब्रशने झाडा. ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला तर ती कागदात घासली जाते. मग कसरीचा बंदोबस्त : पूर्ण सुकलेलं पुस्तक कोऱ्या कागदात गुंडाळा, हवा काढून दोन प्लास्टिक पिशव्यांत बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा तेवढा थंड होतोच असं नाही, आत थर्मामीटर ठेवून पाहा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका. पाणी पिशवीवर धरतं, घाई केली तर तेच कागदावर धरेल. वासासाठी झाकणाच्या डब्यात पुस्तक आणि शेजारी वाटीत खाण्याचा सोडा, एकमेकांना न लागता, आठवडाभर. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर हवं. आर्द्रतामापक स्वस्त मिळतो, काटा साठ टक्क्यांच्या खाली ठेवायचा.

सेलोटेपचं प्लास्टिक सुटलं असेल तर तेवढंच काढा. कागदात उतरलेला डिंक खरवडू नका, त्याबरोबर छपाईही निघते. नवी फाट जपानी टिश्यूने (पातळ पण चिवट कागदाने) सांधा. पट्टी कात्रीने न कापता ओल्या रेघेवर फाडून घ्या, म्हणजे कडेचे तंतू कागदात मिसळतात. खळ गव्हाच्या स्टार्चची : एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. लावून झालं की टिपकागद आणि वजन ठेवून रात्रभर. रंगीत नकाशावर आधी कोपऱ्यात ओला कापूस टेकवून रंग सुटतो का ते पाहा.

बाइंडरकडे देणार असाल तर खळीत मोरचूद घालू नका असं बजावून सांगा. कीड लागू नये म्हणून ते घालायची जुनी पद्धत आहे, पण त्यातलं तांबं कागद जाळतं. काही वर्षांनी सांध्याजवळची पानं तपकिरी होऊन तुटायला लागतात. आणि कडा छाटू नका हेही सांगा, नाहीतर समासातल्या नोंदी अर्ध्या होऊन येतील.

प्रश्न : आजोबांच्या संग्रहातली काही पुस्तकं न्यू जर्सीला न्यायची आहेत. अडचण येईल का? – सध्या मुक्काम पुणे

शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकतात, आणि पुरावशेष परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितं आणि कागदपत्रांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. १९३०-५० ची छापील पुस्तकं शंभरीच्या आतली आहेत. त्याआधीच्या प्रती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला दाखवून दाखला घ्या, तोही तिकिटाच्या आदल्या आठवड्यात नको.

प्रश्न : माझ्या प्रतीत पेन्सिलीने टांग्याचं भाडं, डाकबंगल्याच्या खानसाम्याचं नाव वगैरे लिहिलंय. खोडून प्रत स्वच्छ करू का? – नाशिक

खोडरबर हातातून खाली ठेवा! ते भाडं त्या दिवशी प्रत्यक्ष दिलेलं आहे, छापील दराशी ताडून पाहा. बहुतेक वेळा ते जास्तच निघतं.