लेक्चर बेसिसची वर्षं कायम झाल्यावर धरतात का?

तुम्ही विचारलंय: गोव्यात फोंड्याला कॉलेजात पाच वर्षं लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवतेय, सेट (सहायक प्राध्यापकाची राज्य पात्रता परीक्षा) झालेय, उद्या कायम झाले तर ही वर्षं बढतीला धरतील का?

बहुधा नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत तात्पुरती सेवा धरायला अटी आहेत. त्या काळात पात्रता पूर्ण हवी, म्हणजे सेटच्या आधीची वर्षं इथेच गळतात. नेमणूक रीतसर निवड समितीच्या शिफारशीने हवी. आणि एकूण पगार कायम सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नको. घोडं अडतं ते इथे. कायम माणसाचं मूळ वेतनच ५७,७०० पासून, वर महागाई भत्ता. तासिकेवरच्यांना यूजीसीनेच २०१९ मध्ये ठरवलेला दर तासाला १,५००, पण महिन्याला कमाल ५०,०००. चौतिसाव्या तासाला मर्यादा संपली; पुढे कितीही वर्कलोड ओढा, अट पुरी होणार नाही. स्टाफरूममध्ये नव्या मुलींना ‘अनुभव वाया जात नाही’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण याच आकड्यांवरून आहे. वाया जातो.

मुलाखतीला बोलावण्याच्या गुणांत मात्र अध्यापनाच्या अनुभवाला जागा आहे: वर्षाला २, कमाल १०. वर्षाहून कमी असेल तर त्या प्रमाणात. म्हणून ‘पाच वर्षे अध्यापन केले’ असा मोघम दाखला घेऊ नका. नेमणुकीच्या प्रत्येक ऑर्डरची सुरुवात-शेवट तारीख, विषय, आठवड्याचे तास, मानधन आणि निवड समिती बसली असल्यास तिची तारीख, सगळं एका कागदावर हवं. ऑर्डर जूनला निघून एप्रिलअखेर संपली, तर मधला मे दाखल्यावर खंड म्हणूनच दिसतो. दाखला दर वर्षी, सत्र संपायच्या आठवड्यातच मागा. प्राचार्य बदलले की जुनी मस्टरं काढून बसायला कोणाला वेळ नसतो.

१० गुण भरले की सहावं वर्ष गुणांत काहीच घालत नाही. पीएचडीला २५ आहेत. नेटला (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) ८, सेटला ५. तास निम्मे करा आणि पीएचडीला बसा. पैशाची ओढाताण होईल, तरी.

हे गुण फक्त बोलावण्यापुरते, निवड मुलाखतीवरच होते. पूर्ण पगाराचं कंत्राट असेल तर वरचं पगाराचं गणित तुम्हाला लागू नाही, ऑर्डर पुन्हा वाचा. आणि १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलतदार कचेरीतून आताच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ नको.