स्टार रेल्म्समध्ये रोबोटवाला लाल गट घेऊनही मी सारखा का हरतोय?

तुमचा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण पहिले दोन महिने माझं हेच झालं होतं. (नवीन वाचणाऱ्यांसाठी: स्टार रेल्म्स हा पत्त्यांचा गेम, मधल्या रांगेतली पानं विकत घेत आपला डेक म्हणजे पानांचा गठ्ठा बनवायचा, यालाच डेक-बिल्डिंग म्हणतात, आणि मार देऊन समोरच्याचे जीव संपवायचे.) तुम्ही लिहिलंय की रोबोट आवडतात म्हणून मशीन कल्टची लाल पानं मधल्या रांगेत दिसली की उचलता, तरी मित्र हिरवी पानं घेऊन दर वेळी तुम्हाला उडवतो. मग हा गट कमजोर आहे की खेळायला चुकतंय, असं विचारलंय. गट कमजोर अजिबात नाहीये, माझ्या मते तर नवीन माणसाच्या हातात सगळ्यात जास्त वाया जाणारा गट हाच. तुम्ही झब्बूचा गेम भिकार-सावकारसारखा खेळताय, एवढंच होतंय.

म्हणजे बघा, भिकार-सावकारमधे ज्याच्याकडे पानं जास्त तो सावकार. डेक-बिल्डिंग म्हटलं की आपल्या डोक्यात तेच येतं, चांगली पानं विकत घ्या, ढीग वाढवा, जिंका. आणि झब्बूत उलटं, हातातली पानं जो आधी संपवेल तो सुटला. लाल गट झब्बूवाला आहे. त्याचं खरं काम मारामारी नाहीच, तुमच्याच डेकमधला कचरा कायमचा बाहेर काढणं हे त्याचं काम. कार्डावर स्क्रॅप लिहिलेलं असतं ते हेच. आणि बहुतेक जण, मी पण, ते वाचून सोडून देतो कारण स्वतःचं पान फेकायला जीव होत नाही, त्यात तिथे "करू शकता" असं लिहिलंय, "कराच" असं नाही.

आता जरा हिशोब करू. सुरुवातीला प्रत्येकाकडे १० पानं, ८ स्काउट म्हणजे प्रत्येकी १ पैसा आणि २ वायपर म्हणजे प्रत्येकी १ मार. हात ५ पानांचा. समजा तुम्ही अर्ध्या डावापर्यंत ८ मस्त पानं विकत घेतली. काहीच फेकलं नसेल तर डेक १८ चा, आणि दर हातात सरासरी सव्वादोन चांगली पानं येणार, बाकी तेच रडके स्काउट. ५ फेकले असतील तर डेक १३ चा, हातात ३ चांगली. ८ फेकले तर डेक १० चा आणि ५ पैकी ४ पानं कामाची!! पैसे तेवढेच खर्च केलेत, विकत घेतलेली पानंही तीच आहेत, पण हात जवळजवळ दुप्पट जड झाला. वर डेक छोटा म्हणजे तो लवकर फिरतो, तुमचं आवडतं पान दर दुसऱ्या हातात परत येतं.

आणि यातच दुसरी गंमत आहे. एकाच गटाची दोन पानं एका हातात पडली की त्यांची ॲलाय म्हणजे साथीदाराची जादा ताकद चालू होते. मिसाइल बॉट घ्या, किंमत फक्त २, एकटा आला तर २ मार आणि एक स्क्रॅप. दोन मिसाइल बॉट एकत्र आले की प्रत्येकाला वरचे २ मिळतात, म्हणजे ४ पैशांच्या मालात ८ मार आणि दोन स्क्रॅप. पण १८-२० पानांच्या डेकमधे ते दोघं एका हातात भेटणार कधी? दहाच्या डेकमधे सारखे भेटतात. तुमच्याकडे लाल पानं आहेत पण ती एकमेकांना भेटतच नाहीत, हे तुमच्या हरण्याचं निम्मं कारण.

उरलेलं निम्मं कारण म्हणजे वेळ. ट्रेड बॉट (१ पैसा), मिसाइल बॉट (२), सप्लाय बॉट (३), हे तिघंही स्क्रॅप करतात आणि ८० पानांच्या मुख्य कॅटमधे प्रत्येकी तीन-तीन आहेत, म्हणजे लाल गटाच्या २० पानांपैकी ९ हीच. हे पहिल्या तीन-चार फेऱ्यांत घ्यायचे असतात. उशिरा घेतलेला ट्रेड बॉट म्हणजे लग्न लागल्यावर आणलेली पत्रिका. समोरच्याचे ५० पैकी १५-२० जीव उरलेत आणि तुम्ही अजून डेक झाडताय तर कसं होणार, तेव्हा सरळ मार देणारी पानं घ्यायची, गट कुठला का असेना.

काय फेकायचं यावर आमच्याकडे अजून वाद होतात. मी सुरुवातीला वायपर फेकतो, कारण १ मारने काही होत नाही आणि पैसे मात्र तेव्हा हवेच असतात. तीन-चार बऱ्या किमतीची पानं डेकमधे आली की मग स्काउट, धडाधड. एक चूक मात्र करू नका, वापरून झालेल्या पानांच्या ढिगात फेकण्यासारखं काही असेल तर हातातलं पान फेकू नका. स्क्रॅप हातातून पण करता येतं आणि ढिगातून पण. ढिगातल्या स्काउटने मागच्या फेरीत त्याचा पैसा देऊन झालेला असतो, हातातला अजून द्यायचाय. नुकताच डेक पिसलेला असेल आणि ढीग रिकामा असेल तरच हातातून. मी हे चुकीचं करत होतो आणि दर फेरीला एक पैसा कमी पडतोय म्हणून नशिबाला दोष देत होतो.

आता मित्राचं. हिरवा ब्लॉब गट म्हणजे नुसता मार. ब्लॉब फायटर १ पैशात ३ मार देतो, त्याच्याशी मारामारीत बरोबरी करायला जाऊ नका, हरालच. त्याच्यापुढे टिकायचं कसं तर आउटपोस्ट. काळ्या ढालीवाले बेस (म्हणजे खेळल्यावर टेबलावरच राहणारी पानं) असतात ना ते, ते पाडल्याशिवाय तुमच्या जीवाला हात लावता येत नाही. लाल गटाचे सगळे बेस आउटपोस्टच आहेत. बॅटल स्टेशन ३ पैशांना मिळतं आणि ५ मार खातं, म्हणजे ब्लॉबवाल्याची पाऊण फेरी तिथेच गेली. मेक वर्ल्ड (५ पैसे, ६ ची ढाल) तर मिळालं की सोडूच नका, ते सगळ्या गटांचा ॲलाय मानलं जातं म्हणून एकटं पडलेलं पिवळं-निळं पान पण जागं होतं. ब्रेन वर्ल्ड ८ पैशांचं आहे, दर फेरीला दोन पानं फेका आणि तेवढीच नवीन उचला, ते टेबलावर आलं की समोरचा उठून चहा टाकायला जातो. पण ८ पैशांच्या आशेवर बसून राहू नका, मी तीन डाव त्यात घालवलेत.

शुद्ध लाल डेक करायचा हट्ट पण सोडा. लाल बॉटनी डेक बारीक करा आणि वर मार दुसऱ्याचा घ्या. पिवळा स्टार एम्पायर मला बरा वाटतो, तो पानं ओढतो आणि समोरच्याचं पान हातातून टाकायला लावतो, बारीक डेकमधे पानं ओढणं म्हणजे पूर्ण डेकच हातात. एक्सप्लोरर म्हणजे कायम विकत मिळणारं स्वस्त पान, त्याचा मोह आवरा, एक-दोन ठीक, सहा घेतलेत तर झाडलेला कचरा परत घरात आणलात.

मला हे सगळं कुठल्या व्हिडिओने नाही, मावशीने शिकवलं. गणपतीत रात्री जागायला म्हणून डबा काढला, तिला नियम सांगायला वीस मिनिटं लागली, इंग्रजी कार्डं मी वाचून दाखवत होतो. आयुष्यभर झब्बू खेळलेली बाई, तिला फेकायला मिळतंय म्हटल्यावर तिने दुसरं काही ऐकलंच नाही. प्रत्येक फेरीला "हा भिकारडा काढ" करत एकेक स्काउट बाहेर, आणि मी आपला हुशारीने महागाची पानं जमवतोय. शेवटी तिच्याकडे जेमतेम नऊ-दहा पानांचा डेक होता आणि मला दर फेरीला १५ च्या वर मार बसत होता. हा गेम २०१४ चा, करणारे दोघं, रॉब डोहर्टी आणि डार्विन कॅसल, मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या गेमच्या हॉल ऑफ फेममधले खेळाडू आहेत म्हणे मी तिला सांगितलं, तर म्हणाली मग त्यांनी झब्बू खेळलेला असणार.

बाकी यात रोबोट कमी आणि जहाजं जास्त वाटत असतील तर ट्रान्सफॉर्मर्सचा पण डेक-बिल्डिंग गेम आहे, रेनेगेड कंपनीने २०२१ ला काढलेला, तिथे खरे ऑटोबॉट-डिसेप्टिकॉन आहेत. पण आधी हा नीट खेळा, डबा लहान आहे आणि डाव अर्ध्या तासात संपतो.

हां, आणि स्लीव्ह म्हणजे प्लास्टिकची पाकिटं घाला पानांना, या गेममधे पिसणं फार होतं. आमच्या एका स्काउटच्या पाठीवर चहाचा डाग पडलाय, तो वरती आला की सगळ्यांना कळतं, म्हणून आता तो ज्याच्या वाट्याला येईल त्याने पहिला स्क्रॅप त्याचाच करायचा असा घरचा नियम झालाय.